विश्लेषण : साखर मोजली, मनाचे काय? मधुमेह, आत्महत्येचे विचार आणि इन्सुलिनचा धोका

चाकणच्या तळेगाव चौकात सकाळी कंपनीच्या बसमधून रात्रपाळीचे कामगार उतरतात, तेव्हा त्यांतील काहींच्या पिशवीत रिकाम्या डब्याशेजारी इन्सुलिनचे पेन असते. उपाशीपोटीची साखर किती आणि जेवणानंतरची किती, हे आकडे त्यांना तोंडपाठ असतात. ‘या सगळ्याचा कंटाळा आला का, जगणे नकोसे वाटते का’ हा प्रश्न मात्र दवाखान्यात, घरी किंवा कामावर सहसा कुणी विचारत नाही. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण जास्त आढळते आणि त्यांच्या घरात इन्सुलिनसारखे प्रभावी औषध कायम असते. म्हणून हा न विचारलेला प्रश्न जिवावर बेतू शकतो.

हा मजकूर वाचताना मनात असे विचार येत असतील, तर पुढे वाचण्याआधी ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येईल. ही सेवा मोफत असून २४ तास सुरू असते आणि मराठीतही मिळते.

आकडेवारी काय सांगते?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळावर झालेल्या ‘इंडियाब’ या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, तर आणखी १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यांपैकी २२ हजार ७४६ महाराष्ट्रातील होत्या आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. कारणांच्या यादीत कौटुंबिक समस्यांनंतर ‘आजारपण’ दुसऱ्या क्रमांकावर होते. त्याचा वाटा १८.४ टक्के होता. आत्महत्या केलेल्यांमध्ये रोजंदारीवर काम करणाऱ्यांचे प्रमाण २६.४ टक्के होते. आजारपणाच्या नोंदीत मधुमेहासाठी वेगळा रकाना नसल्याने मधुमेही किती, हे या आकड्यांतून कळत नाही.

वेगवेगळ्या देशांतील अभ्यास एकत्र तपासल्यावर मधुमेहींमध्ये, विशेषतः लहान वयापासून इन्सुलिनवर असलेल्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहींमध्ये, आत्महत्येचा धोका सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा जास्त आढळला आहे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाबाबत निष्कर्ष इतके एकसारखे नाहीत. मधुमेह झाला म्हणजे असे विचार येणारच, असा याचा अर्थ नाही. बहुतेक मधुमेही हा आजार सांभाळत नेहमीचे आयुष्य जगतात.

‘मधुमेहाचा शीण’ आणि नैराश्य यांत फरक काय?

मधुमेहाला सुट्टी नसते. रोज बोट टोचणे, सुई घेणे, ताटातल्या प्रत्येक घासाचा हिशेब ठेवणे, आणि एवढे करूनही रिपोर्ट वाईट आला की डॉक्टरांची आणि घरच्यांची बोलणी खाणे, असे वर्षानुवर्षे चालते. त्यातून येणाऱ्या थकव्याला संशोधक ‘डायबेटिस डिस्ट्रेस’ म्हणतात. मराठीत त्याला मधुमेहाचा शीण म्हणता येईल. तो मोजण्यासाठीची प्रश्नावली अमेरिकेत १९९५ मध्ये तयार झाली.

हा शीण म्हणजे मानसिक आजार नव्हे. आजाराचे ओझे हलके केले, औषधांचे वेळापत्रक सोपे केले आणि दोष देणे थांबवले तर तो कमी होतो. नैराश्य त्यापेक्षा वेगळे असते. त्यात कशातच रस उरत नाही, झोप आणि भूक बिघडते, आपण निरुपयोगी आहोत असे सतत वाटते. मधुमेहींमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांच्या तुलनेत साधारण दुप्पट आढळते. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात.

नैराश्य आले की माणूस औषधे चुकवतो, व्यायाम सोडतो आणि साखर वाढते. साखर वाढली की थकवा येतो आणि अपराधी वाटते. त्यातून नैराश्य आणखी वाढते. हे चक्र केवळ साखरेची गोळी वाढवून थांबत नाही.

औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न अधिक अवघड का?

पिंपरी, भोसरी, तळवडे ते कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी या पट्ट्यात हजारो कारखाने आहेत. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि परराज्यांतून आलेले अनेक तरुण एका खोलीत चार-पाच जण राहतात. दर आठवड्याला पाळी बदलली की जेवणाची आणि झोपेची वेळही बदलते. इन्सुलिनची वेळ जेवणाशी बांधलेली असते. ओव्हरटाइम लागला आणि जेवण लांबले की साखर एकदम खाली येते. मशिनवर उभ्या असलेल्या माणसाचे हात थरथरतात, घाम फुटतो आणि सुपरवायझरला वाटते, हा पिऊन आला आहे.

कंत्राटी कामगाराला ‘मेडिकल अनफिट’ ठरण्याची भीती असते. म्हणून अनेक जण आजार लपवतात. इन्सुलिन स्वच्छतागृहात जाऊन घेतात किंवा पाळी संपेपर्यंत घेतच नाहीत. खोलीवर फ्रिज नसतो. आजाराबद्दल बोलावे असे जवळचे माणूस गावाकडे असते. फोनवर ‘सगळं बरं आहे’ एवढेच सांगितले जाते.

यात लाजेचाही भाग मोठा असतो. ‘एवढा बारीक माणूस, त्याला शुगर कशी?’ हा प्रश्न अनेकांना टोचतो. त्याचे उत्तर पुण्यातच शोधले गेले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. उंची आणि वजनाच्या प्रमाणात दोघांचा निर्देशांक सारखाच, २२.३ होता. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. भारतीय माणूस दिसायला बारीक असूनही शरीराने मधुमेहाच्या जवळ असू शकतो, हे त्यातून जगापुढे आले. म्हणजे मधुमेह हा फक्त जास्त खाण्याचा किंवा आळसाचा परिणाम नाही. ही गोष्ट रुग्णाला समजावून सांगितली तरी त्याच्या मनावरचे ओझे थोडे उतरते.

दुसरी लाज इन्सुलिनची. ‘इन्सुलिन लागले म्हणजे आता संपले’ हा समज अजूनही आहे. वास्तविक ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले, त्याआधी अशा मुलांना जगवण्याचा मार्गच नव्हता. इन्सुलिन हे शेवटाचे लक्षण नाही. पायांची जळजळ, दृष्टी अधू होणे, लैंगिक अडचणी अशा त्रासांबद्दल पुरुष कुणाजवळच बोलत नाहीत. त्यांतील बहुतेकांवर उपचार आहेत, पण न बोलल्याने आतल्या आत हताशा वाढते.

इन्सुलिनचा गैरवापर कोणत्या रूपात होतो?

पहिले रूप म्हणजे चूक. भारतात इन्सुलिन मुख्यतः दोन तीव्रतांमध्ये मिळते. अनेक बाटल्या ४० युनिटच्या असतात, तर पेनमधील काडतुसे सहसा १०० युनिटची असतात. दोन्हींसाठी सिरिंजही वेगळ्या असतात. लाल टोपणाची ४० साठी आणि केशरी टोपणाची १०० साठी. जोडी चुकली की डोस चुकतो. पेनमधले इन्सुलिन सिरिंजने काढून घेण्याची सवय म्हणूनच धोकादायक आहे.

दुसरे रूप म्हणजे इन्सुलिन मुद्दाम न घेणे. कधी वजन कमी करण्यासाठी, कधी पैसे वाचवण्यासाठी, तर कधी ‘जे व्हायचे ते होऊ दे’ या भावनेतून. यातले शेवटचे कारण घरच्यांच्या लक्षात येत नाही. तो निष्काळजीपणा समजला जातो. प्रत्यक्षात ती स्वतःला इजा करण्याची मूक पद्धत असू शकते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन थांबले की रक्तात आम्ल साठते. खूप तहान, उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, श्वासाला फळासारखा वास ही लक्षणे दिसली, तर थेट रुग्णालय गाठावे लागते.

तिसरे रूप म्हणजे व्यायामशाळेतला वापर. मधुमेह नसताना शरीर कमावण्यासाठी इन्सुलिन घेणे जिवाशी खेळ आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत इन्सुलिन आहे.

चौथे रूप म्हणजे हताशेच्या क्षणी मुद्दाम जास्त घेणे. अशा घटना रुग्णालयात बहुतेक वेळा ‘साखर कमी झाली’ एवढ्याच नोंदीखाली येतात. साखर वर आली की रुग्ण घरी जातो. ती का खाली गेली, हे विचारले जात नाही. वारंवार आणि कारण न सापडता साखर खाली जात असेल, तर डॉक्टरांनी रुग्णाशी एकांतात, दोष न देता बोलणे आवश्यक असते. ‘हे चुकून झाले की मुद्दाम?’ हा प्रश्न तिथे टाळून चालत नाही.

जास्त इन्सुलिन गेले तर काय करावे?

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की शरीर इशारा देते. घाम, थरथर, धडधड, भूक ही सुरुवातीची लक्षणे आहेत. ५४ च्या खाली मेंदूला इंधन कमी पडू लागते. बोलणे अडखळते, माणूस गोंधळतो, चिडतो, त्याला झटके येतात, शुद्ध हरपते. जीव वाचला तरी स्मरणशक्ती आणि हालचालींवर कायमचा परिणाम राहू शकतो.

डोस चुकून जास्त गेला असो वा मुद्दाम, पुढील गोष्टी लगेच कराव्यात.

• १०८ किंवा ११२ वर फोन करावा. ‘थोडा वेळ बघू’ म्हणून थांबू नये.
• माणूस शुद्धीत असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे. १५ मिनिटांनी साखर तपासावी आणि कमीच असेल तर पुन्हा द्यावे.
• शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. कुशीवर झोपवावे.
• बरे वाटले तरी रुग्णालयात न्यावे. काही इन्सुलिनचा परिणाम दिवसभर किंवा त्याहून जास्त टिकतो आणि साखर पुन्हा पुन्हा खाली जाते. फक्त घरी साखर खायला घालून धोका टळत नाही.
• वापरलेले पेन किंवा बाटली सोबत न्यावी. डॉक्टरांना किती वेळ देखरेख लागेल ते ठरवता येते.
• रुग्णाला एकटे सोडू नये.

दारू प्यायल्यावर यकृत साखर सोडू शकत नाही. त्यामुळे इन्सुलिन घेणाऱ्याची साखर झोपेतही घसरू शकते. दारूने आवेगही वाढतो. मन खचलेले असताना दारू आणि इन्सुलिन यांची जोडी म्हणूनच दुहेरी धोक्याची.

धोक्याची चिन्हे कोणती?

‘माझ्यामुळे घराला त्रास’, ‘मी नसलो तर बरं’ असे बोलणे. सुया घेणे किंवा साखर तपासणे अचानक बंद करणे. गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन जमवणे. कारण न कळता साखर वारंवार खाली जाणे. कामावर गप्प होणे, पिणे वाढणे, देणी-घेणी आणि वस्तू निरवानिरव केल्यासारख्या वाटून टाकणे. खूप दिवसांच्या उदासीनंतर एकाएकी शांत दिसणे. पाय कापावा लागणे, डोळे अधू होणे, नोकरी जाणे, कर्ज किंवा घरातले भांडण अशा घटनांनंतरचे दिवस विशेष जपण्याचे असतात.

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. साखर कमी झाल्यानेही माणूस चिडतो, घाबरतो, विचित्र बोलतो. म्हणून आधी साखर तपासावी. ती ठीक असूनही तेच बोलणे सुरू राहिले, तर ते मनापासून ऐकावे.

विचारायचे कसे?

‘असे विचारले तर नसलेला विचार डोक्यात येईल’ ही सर्वांत मोठी भीती. संशोधनात तिला आधार सापडलेला नाही. थेट विचारल्याने धोका वाढत नाही. उलट अनेकांना कुणीतरी विचारले याचाच आधार वाटतो.

डॉक्टर नैराश्य तपासण्यासाठी ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची यादी वापरतात. तिचे पहिले दोन प्रश्न साधे आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कामात किंवा आवडीच्या गोष्टींत रस वाटला नाही का? उदास, निराश वाटत राहिले का? नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. साखरेच्या तपासणीला आलेल्या रुग्णाला हे प्रश्न विचारायला काही मिनिटे पुरतात.

घरात किंवा कामावर यादीची गरज नाही. पत्नी विचारू शकते, ‘अहो, खरं सांगा, कधी जगणं नकोसं वाटतं का?’ लाइनवरचा सहकारी चहाच्या सुट्टीत बाजूला घेऊन म्हणू शकतो, ‘दादा, किती दिवस झाले तू गप्प आहेस. जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का?’ उत्तर ‘हो’ आले तर उपदेश करू नये. ‘शुगर काय, सगळ्यांनाच असते’, ‘मन खंबीर कर’, ‘पोरांकडे बघ’ ही वाक्ये बोलणाऱ्याला गप्प करतात. ‘बरं झालं सांगितलंस, मी सोबत आहे, आपण मिळून दवाखान्यात जाऊ’ एवढे पुरेसे असते. हे गुपित मात्र ठेवू नये.

घरातले इन्सुलिन लपवून ठेवावे का?

नाही. अनेक कुटुंबे घाबरून इन्सुलिन पूर्णच काढून घेतात. विशेषतः पहिल्या प्रकारच्या मधुमेहात हा उपाय स्वतःच प्राणघातक ठरू शकतो. औषध थांबवायचे नाही, फक्त हाताशी असलेला साठा कमी ठेवायचा. डॉक्टरांशी बोलून थोड्या दिवसांपुरतेच इन्सुलिन घरात ठेवता येते. बाकीचे भाऊ, वहिनी किंवा शेजारच्या विश्वासू माणसाकडे ठेवता येते. डोस घेताना कुणी सोबत बसावे, वेळ आणि युनिट वहीत लिहावेत. वापरून उरलेली, मुदत संपलेली किंवा घरातल्या दुसऱ्या रुग्णाची औषधे पडून राहू देऊ नयेत. संकटाचे दिवस सहसा कायम टिकत नाहीत. त्या काळात साधन सहज हाती न लागणे, याने जीव वाचतात.

खोलीवर फ्रिज नसेल तर वापरात असलेले पेन किंवा बाटली साधारण महिनाभर उन्हापासून दूर, सामान्य तापमानात चालते. फार उकाड्यात ओल्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा पिशवीत ठेवता येते. ‘फ्रिज नाही म्हणून जास्त आणून ठेवू नको’ हे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही बरोबरच आहे.

पोलीस केस होते का?

या भीतीने अनेक कुटुंबे रुग्णालयात खरे सांगत नाहीत आणि उपचार चुकतात. रुग्णालय वैद्यकीय-कायदेशीर नोंद करते, पण ती शिक्षेसाठी नसते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी मानली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ ठेवलेले नाही. सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच गुन्हा उरला आहे. डॉक्टरांना खरे कारण आणि खरा डोस सांगण्यात कायद्याची अडचण नाही.

मदत कुठे मिळते?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) मानसिक आजार असलेल्या ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. या पट्ट्यात मात्र पहिली पायरी फार लांब नाही. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ या क्रमांकांवर मिळते. रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीतही फोन करता येतो. पिंपरीत संत तुकारामनगर येथे महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. तिथे मधुमेहाच्या आणि मनोविकाराच्या उपचारांसाठी एकाच आवारात जाता येते. चाकणमध्ये ग्रामीण रुग्णालय, तर चिंचवडच्या मोहननगरमध्ये कामगार विमा रुग्णालय आहे. राज्य कामगार विमा योजनेत महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार येतात, कंत्राटी कामगारांसह. विमा कार्ड पाकिटात असूनही ते अनेकांनी वापरलेले नसते. तातडीच्या वेळी मात्र कार्ड शोधत बसू नये. जवळच्या रुग्णालयात जावे.

कंपन्यांना काय करता येईल?

फार खर्चाचे काही नाही. प्रथमोपचार पेटीत ग्लुकोज आणि साखर तपासण्याचे यंत्र. ओव्हरटाइम लागला तरी इन्सुलिन घेणाऱ्याची जेवणाची सुट्टी न चुकवणे. सुई घेण्यासाठी वैद्यकीय खोलीत पाच मिनिटांची मोकळीक. सुपरवायझरला साखर कमी झाल्याची लक्षणे माहीत असणे. तपासणीतली माहिती डॉक्टरांपुरतीच राहील आणि त्यामुळे काम जाणार नाही, याची खात्री. वार्षिक तपासणीत रक्त घेतले जातेच. त्याच टेबलावर मनाविषयीचे दोन प्रश्नही विचारता येतात. कॅन्टीनच्या सूचना फलकावर सुरक्षेच्या घोषणांशेजारी १४४१६ हा आकडा लिहायला एक खडू लागतो.